बाराव्या खिळ्यावरचा मग

१

टिल्गा नावाच्या मेंढ्यांच्या फार्मवर, लोकर कातरायच्या शेडमध्ये, दिवसाचे चार तुकडे पडतात आणि ते घंटा पाडते. साडेसातला पहिली घंटा झाली की कातरायची यंत्रं घरघरू लागतात, साडेनऊला दुसरी झाली की एकदम बंद होतात. मग अर्ध्या तासाची सुट्टी. दुपारी तीनला पुन्हा तशीच. या सुट्टीला सगळे स्मोको म्हणतात. चहा पिणाराही स्मोको म्हणतो, केक खाणाराही स्मोको म्हणतो, आणि जन्मात सिगारेटला हात न लावलेला मुकादमसुद्धा ‘चला रे, स्मोको!’ असंच ओरडतो. चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं तंबाखू वळून ओढलेल्या आणि आता ती सोडायला निघालेल्या नोलीनला हे नाव दिवसातून दोनदा ऐकावं लागे. दारू सोडणाऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीला कुणी ‘बाटली’ म्हणत नाही. आपल्यावरच ही वेळ का, असं तिला वाटायचं.

नोलीन प्रॅटचं काम लोकर पारखण्याचं. एका मेंढीची अख्खी लोकर जाळीच्या टेबलावर येऊन पसरली की कडेची मळकी लोकर फाडून टाकायची, मधली एक चिमूट ओढून, तार तुटते का बघायला कानाशी तडकवायची, आणि कुठल्या कप्प्यात जाणार ते सांगायचं. दिवसाला साडेसातशे वेळा. टिल्ग्याला अठ्ठावीस हजार मेंढ्या होत्या. कातरणारे पाच, बाकी उचलणारे, झाडणारे, गासड्या दाबणारा, स्वयंपाकी धरून टोळी अकरा जणांची आणि काम आठ आठवड्यांचं. एकोणसाठाव्या वर्षी नोलीनचे खुबे सकाळी उठताना कुरकुरत आणि संध्याकाळी बोंब मारत. या शेडनंतर पुढची, मग तिच्या पुढची, असं तिचं तेवीस वर्षं चाललं होतं, आणि ती थकली होती. झोपून जाईल असा तो थकवा नव्हता.

आठ आठवडे मात्र तिला वेगळ्याच कारणानं मोजायचे होते. तिची मुलगी टेगन पाच तासांवर डब्बोला राहत असे. टेगनला मुलगी झाली होती, विनी, सातव्या महिन्यातच. फुप्फुसं कच्ची. नोलीननं नातीला एकदाच पाहिलं होतं, तेही काचेआडून, हातात घेतलं नव्हतं.

“दोन महिने, आई,” टेगन म्हणाली होती. “दोन महिने एकही नाही. मग ये, कायमचीच ये. मागची खोली तुझी. पण ओढलेल्या हातात मी तिला देणार नाही. तुला राग आला तरी चालेल.”

“राग कशाला येईल?” नोलीन म्हणाली होती. राग आलाच होता, पण मुलीचं बरोबर होतं हेही तिला कळत होतं. याआधी दोनदा शब्द देऊन तिनं मोडला होता. तिसऱ्यांदा मोडला तर चौथ्यांदा कुणी मागणार नव्हतं.

२

पहिल्या आठवड्यात ती कुत्र्यासारखी वसवसली. पाण्याच्या टाकीजवळ फोनला रेंज मिळायची. तिथं उभं राहून तिनं तंबाखू सोडणाऱ्यांसाठी असतो तो नंबर लावला. पलीकडे डेस्पिना नावाची बाई आली. आवाज तरुण, पण घाई नसलेला.

“भांडू नकोस तिच्याशी,” डेस्पिना म्हणाली. “तलफ आली की हाकलायची नाही. हाकललेली दुप्पट जोरानं येते. तिला सांगायचं, मी कामात आहे, तू बाहेर बस, दहा मिनिटांनी बघते. दहा मिनिटांत ती आपोआप निवते. काही जण तिच्यासाठी एखादी जागा ठरवतात. खुर्ची वगैरे.”

“खुर्ची?”

“मनातल्या मनात गं.”

मनातल्या मनात वगैरे नोलीनला कधी जमलं नव्हतं. तिचं सगळं आयुष्य हाताला लागणाऱ्या गोष्टींत गेलं होतं. शेड लाकडी खांबांवर उभी होती आणि बाहेर जिन्यापर्यंत फळ्यांचा लांब ओटा होता. त्याच्या पार टोकाला, मिरीसारखे लाल दाणे येणाऱ्या झाडाच्या सावलीत, तिनं मोडक्या पाठीचा बाक नव्हे, तर चांगली चार पायांची खुर्ची नेऊन ठेवली. एवढं करून थांबली असती तर ठीक होतं. पण कुणाला बसायला सांगायचं आणि चहाचं विचारायचं नाही, हे शेडमध्ये वाढलेल्या बाईला कसं सुचावं?

स्मोकोच्या खोलीत भिंतीवर बारा खिळे होते. ज्याचा मग खिळ्यावर, तो टोळीतला. त्याला चहा मिळणार, जेवायला ताट मिळणार, बसायला जागा मिळणार. टोळी सोडून जाणारा आपला मग आपल्या हातानं उतरवतो, दुसऱ्याच्या मगाला कुणी हात लावत नाही. नोलीनकडे यंदा टेगननं दिलेला नवा मग होता, वर मॅगपाय पक्ष्याचं चित्र असलेला. जुना टवके उडालेला लोखंडी मग पेटीत पडून होता. तिनं तो काढला आणि रिकाम्या बाराव्या खिळ्याला अडकवला.

मग ओट्यावर जाऊन, इकडेतिकडे कुणी नाही बघून, खुर्चीला म्हणाली, “बस इथं. मी कामात आहे.”

आणि काय सांगावं, तलफ उठून गेली. आत येऊन तिनं एका दमात साठ मेंढ्यांची लोकर पारखली आणि कुणावर खेकसली नाही.

३

क्लॅरी टोळीचा स्वयंपाकी. वय सत्तरीच्या आसपास, दोन्ही कानांनी अर्धा बहिरा, पाव आणि चहा यांच्याबाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून असणारा. तिसऱ्या आठवड्यात एकदा नोलीन टेबलाशी लवकर येऊन बसली आणि त्यानं चहा ओतताना तिच्या लक्षात आलं.

“बारा ओतलेस, क्लॅरी.”

“बाराच आहेत.”

“अकरा आहोत आपण.”

“मी माणसं मोजत नाही, मग मोजतो,” क्लॅरी म्हणाला. “माणसं इकडेतिकडे उंडारतात. मग जागेवर असतो.”

“आणि बाराव्याचं काय करतोस?”

“बाहेर ठेवतो कठड्यावर. तिला आत यायला आवडत नाही ना.” त्यानं किटली खाली ठेवली. “रिकामा येतो परत. वाया जात नाही, काळजी नको.”

‘तिला’ म्हणाला तो. नोलीननं विचार केला, बहिरा आहे, कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल आणि यानं भलतंच धरलं असेल. टोळीत थट्टेखोर काय कमी होते! विशेषतः वायरेमू. न्यूझीलंडचा हा उंचापुरा माओरी गडी दिवसाला दोनशे मेंढ्या कातरायचा आणि उरलेल्या दमात लोकांच्या खोड्या काढायचा. नोलीन खुर्चीशी बोलताना त्यानं पाहिलं असणार आणि चहा तोच पीत असणार.

स्मोको संपल्यावर ती मुद्दाम मागं थांबली. कठड्यावरचा मग रिकामा होता. तळाशी साखर तशीच बसलेली होती, न ढवळलेली. नोलीन चहात तीन चमचे साखर घालते आणि ढवळत नाही. वरचा चहा कडवट, शेवटचा घोट पाकासारखा, तसाच तिला लहानपणापासून आवडतो.

वायरेमू बिनसाखरेचा पितो. पण थट्टाच करायची तर माणूस एवढं लक्षात ठेवू शकतो, असं तिनं स्वतःला समजावलं आणि घंटेबरोबर टेबलाशी गेली.

४

तलफेला बाहेर बसवणं एकदा साधल्यावर बाकीच्यांना बसवणं फारसं अवघड नव्हतं.

आधी राग. एका उचलणाऱ्यानं मळकी लोकर चांगल्या कप्प्यात टाकली आणि पूर्ण गासडी दाबून झाल्यावर ते उघडकीला आलं. एरवी नोलीननं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि मग एक वळून ओढली असती. या वेळी ती ओट्यावर गेली, “तूही बस,” म्हणाली आणि परत आली. “गासडी सोडा, पुन्हा निवडू,” एवढंच बोलली. सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

मग धास्ती. टेगनचा फोन आला, विनीला पुन्हा धाप लागली होती आणि दोन दिवसांसाठी मोठ्या यंत्रावर ठेवलं होतं. असल्या बातमीनंतर ओढल्याशिवाय कुणाला राहवेल? नोलीनला राहवलं. तिनं धास्तीलाही ओट्यावर नेऊन सोडलं. मग तेवीस वर्षांपूर्वी ट्रकखाली गेलेल्या नवऱ्याची रोज संध्याकाळी येणारी आठवण. तिलाही जागा होती.

डेस्पिना फोनवर खूश झाली. “पस्तीस दिवस! कसं वाटतंय?”

“हलकं,” नोलीन म्हणाली. खरंच तसं वाटत होतं. वर्षानुवर्षं पाठीवर वाहिलेली पोती कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं. थकवा तेवढा राहिला होता.

“डेस्पिना, असं करताना कुणाला काही भास वगैरे होतात का?”

“होतात की. झोप मोडते, वास येतात, आवाज येतात. शरीर नाटकं करतं. का, काही झालं?”

“नाही. सहज विचारलं.”

त्या रविवारी टेगनचा फोन आला. “आई, एक विचारू? गेल्या आठवड्यात विनीचं एवढं झालं, आणि तू त्यानंतर एकदाही फोन केला नाहीस.”

“तू म्हणालीस दोन दिवसांत बरी होईल.”

“हो, झाली. पण पूर्वी तू रात्रभर फोन करून जीव खाल्ला असतास माझा.” टेगन हसली, पण नीट हसली नाही. “असू दे. शांत झालीस ते चांगलंच आहे. डॉक्टर म्हणतात घरात शांत माणूस हवं.”

५

सहाव्या आठवड्यात, सकाळच्या स्मोकोला, सगळे टेबलाभोवती बसले होते. बाहेर ऊन होतं, पत्रा तडतडत होता. वायरेमू एका मेंढ्याची गोष्ट सांगत होता. त्या मेंढ्यानं मुकादमाला पाण्याच्या हौदात ढकललं होतं आणि वर काठावर उभा राहून त्याच्या टोपीवर मुतला होता. गोष्ट वायरेमूनं अशी रंगवली की गासड्या दाबणारा टेबलावर डोकं ठेवून फसफसू लागला. मुकादम स्वतः लालबुंद होऊन हसत होता.

नोलीनला गोष्ट समजली. कुठं हसायचं तेही समजलं. हसू येईल म्हणून ती थांबली आणि ते आलं नाही.

आतल्यांचं हसणं ओसरलं तेव्हा बाहेर ओट्यावर कुणीतरी हसलं. उशिरा, एकटंच. जाड, खरखरीत हसणं, छातीतून घसरत खाली गेलं आणि शेवटी खोकल्यात अडकलं. नोलीनला ते चांगलं माहीत होतं. चाळीस वर्षं ती स्वतः तशी हसत आली होती. गेले सहा आठवडे तिला खोकला नव्हता.

कुणी मान वळवली नाही. क्लॅरी किटली पुसत होता, त्यानं नुसतं बाहेरच्या दिशेनं हनुवटी उडवली. “नोलीनला विनोद आत्ता कळला,” तो म्हणाला आणि दोघे-तिघे पुन्हा हसले.

नोलीन त्याच्यासमोर, दोन हातांवर बसली होती.

“क्लॅरी,” ती म्हणाली, “मी इथं आहे.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नव्या माणसाचं नाव आठवताना लागतो तितका वेळ त्याला लागला. “आहेस की,” तो म्हणाला. “नाही कोण म्हणतंय?”

ती उठून ओट्यावर गेली. कुणी नव्हतं. खुर्ची मात्र टोकाला नव्हती. झाडाच्या सावलीतून निघून ती अर्ध्या वाटेवर आली होती, नोलीनचं टेबल असलेल्या लोकरीच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून. वाऱ्यानं सरकली असेल, असं म्हणायला तोंड उघडलं तर वारा नव्हता. कुणीतरी उन्हातून बाजूला घेतली असेल, पण ती उन्हातच होती. नोलीननं तिसरं कारण शोधलं नाही. घंटा झाली होती आणि टेबलावर लोकर येऊन पडली होती.

६

टेगननं फोटो पाठवला. विनी गादीवर उताणी, पिवळे मोजे, नाकात नळी नाही. खाली लिहिलं होतं, ‘कालपासून स्वतःच्या श्वासावर. दहा दिवस उरले, आजी!’

जेवणाच्या सुट्टीत टाकीजवळ उभी राहून नोलीननं तो पाहिला. मोठा करून पाहिला. ही आनंदाची बातमी आहे हे तिला ठाऊक होतं, जशी एखादी लोकर चांगल्या कप्प्यातली आहे हे ठाऊक असतं. तिनं वाट पाहिली. आत काही हललं नाही. तेवढ्यात शेडच्या बाजूनं रडणं ऐकू आलं, दाबलेलं, नाक ओढत ओढत, सुखाचं रडणं. आणि हे नोलीनच्या हक्काचं होतं. इतके दिवस दात आवळून काढले ते याच्याचसाठी ना?

ती तशीच स्मोकोच्या खोलीत गेली आणि बाराव्या खिळ्याकडे हात नेला.

“ए!” क्लॅरी ओरडला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. “दुसऱ्याच्या मगाला हात लावतेस? शेडमध्ये पहिल्यांदा आलीस का?”

“माझाच आहे तो. जुना.”

“नोलीनचा आहे तो. वीस वर्षं बघतोय.”

“अरे, मग मी कोण?”

क्लॅरी हातातलं फडकं पिळत तिच्याकडे बघू लागला. त्याला अवघडल्यासारखं झालं, एवढं तिला दिसलं. चिडलेल्या माणसाची नजर ती नव्हती, भल्या माणसाची होती, म्हणून तिनं हात खाली घेतला. शेजारी मॅगपायचा मग लटकत होता, कोरडा. आत बारीक धूळ होती. आपल्याला चहा कधीपासून मिळाला नाही हे तिला आठवेना, आणि मागावासाही वाटला नव्हता.

ती बाहेर आली. खुर्ची आता लोकरीच्या खोलीच्या दाराला लागून होती. नोलीननं बसायच्या फळीवर तळहात ठेवला. सावलीत असूनही फळी गरम होती, माणूस नुकताच उठल्यावर असते तशी.

बाहेर बसवलेली ती परत आत घेतली तर काय, हे नोलीनला नीट माहीत होतं. ती एकटी आत येणार नाही, तंबाखूसकट येईल. दहा दिवस उरले असताना शब्द मोडेल आणि विनी पुन्हा काचेआड जाईल. नाही घेतली तर विनी हातात येईल, आणि मग? हात असतील. एवढंच. तिनं बराच वेळ विचार केला. पूर्वी असल्या विचारात तिनं एकामागून एक ओढल्या असत्या. आता कुणाचा तरी हिशेब तपासावा तसा विचार चालला होता, आणि त्यामुळेच उत्तर आलं.

“ये आत,” ती म्हणाली. “झालं आता. सगळे या.”

फळ्या करकरल्या. कुणीतरी पायाची अढी बदलून, पाठ टेकून, अधिक आरामात बसावं तशा. दार उघडंच होतं. आत कुणी आलं नाही.

डेस्पिनाला फोन लावला तेव्हा तिनं हे निराळंच समजून घेतलं. “परत कशाला बोलावतेस वेडे?” ती म्हणाली. “सेहेचाळीस दिवस झालेत. इतकं छान जमलेलं मी कुणाचं पाहिलं नाही.”

७

शेवटच्या दिवशी शेवटची मेंढी पावणेतीनला खाली गेली. यंत्रं बंद झाली, वायरेमूनं पाठ सरळ करून आरोळी ठोकली आणि टोळी स्मोकोच्या खोलीकडे वळली. नोलीनपुढं दोन मेंढ्यांची लोकर उरली होती. टेगन साडेपाचला घ्यायला येणार होती. पेटी भरून खाटेजवळ ठेवलेली होती.

गाडीचा आवाज तीनच्या आत आला. दार आपटलं. पायऱ्यांवर पावलं वाजली, जपून टाकलेली, हातात ओझं असलेल्या बाईची.

“आई!” टेगनचा आवाज. आणि मग तोच आवाज फुटून, “अगं आई, तू रडतेयस? बाबा गेले तेव्हासुद्धा माझ्यासमोर रडली नव्हतीस तू…”

नोलीनचे हात लोकरीत होते. चिमूट ओढली, कानाशी तडकवली, तार पक्की होती. पहिल्या कप्प्यातली. ती कप्प्यात टाकून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण पळायला हवं होतं. किंचाळायला हवं होतं. किंकाळी कुठं असते तिथं तिनं शोधलं, आणि झाडून काढलेल्या खोलीसारखी ती जागा स्वच्छ होती.

लोकरीच्या खोलीचं दार दोन बोटं उघडं होतं. फटीतून खुर्ची पाठमोरी दिसत होती. तिच्यापुढं टेगन गुडघ्यावर बसलेली, डोकं कुणाच्या तरी मांडीवर टाकलेलं. खुर्चीच्या काठावरून एक कोपर बाहेर आलेलं, नोलीनच्याच निळ्या शर्टातलं, आणि त्या कोपरावरून एक इवलासा पिवळा मोजा खाली लोंबत होता. मोजा हलला. वरून खरखरीत हसण्याचा आवाज आला, आणि त्यात विनीचा, आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेला, उचकीसारखा खिदळण्याचा आवाज मिसळला. दोघी हसत होत्या. टेगनही हसत होती, रडत रडत. एवढं सुखी नोलीननं तिला शाळेत जायची तेव्हा पाहिलं असेल.

नोलीननं दार ढकललं आणि ओट्यावर पाऊल टाकलं.

टेगन चटकन उठली. डोळे पुसत, हसऱ्या चेहऱ्यानं ती दोन पावलं पुढं आली आणि खुर्ची आणि नोलीन यांच्यामध्ये उभी राहिली. मागचं काही दिसेना. कोपर तेवढं दिसत होतं.

“तुम्ही लोकरीच्या टेबलावरच्या ना?” ती म्हणाली. “आई आत्ता सांगत होती. आतलं सगळं काम तुम्ही किती शांतपणे सांभाळलंत म्हणून तिला इथं बाहेर बसता आलं म्हणे. फार उपकार झाले हं तुमचे.”

“टेगन,” नोलीन म्हणाली. आवाज सपाट आला, हजेरी घेतल्यासारखा.

टेगनचं हसू जरासं कमी झालं. तिनं शिकल्यासवरल्या, सौजन्यानं वागणाऱ्या मुलीसारखा तळहात थांबवण्यासाठी पुढं धरला. नोलीननंच तिला तसं वाढवलं होतं.

“माफ करा हं, पण बाळाची फुप्फुसं फार नाजूक आहेत. तुमच्या अंगावर लोकरीची धूळ आहे. जरा लांबच उभ्या राहाल?”

मागं मोजा हलत होता. हात पुढं केला असता तर लागला असता इतका जवळ.

नोलीन दोन पावलं मागं सरली. तिला काही जड गेलं नाही.